काचपट्टीवरचे भविष्य



वसई तालुक्यात, नायगाव स्टेशनाच्या पश्चिमेस, उमेळे नावाचे गाव आहे. तेथे माझे घर आहे. माझा व्यवसाय विकृतिशास्त्राचा. म्हणजे रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासून रोग कोणता व तो कोठवर पोहोचला आहे, हे लिहून द्यावयाचे. या व्यवसायात एक सोय असते. रोगी आम्हांस पाहत नाही आणि आम्ही रोग्यास पाहत नाही. आमच्या पुढ्यात येते ती काचेची पट्टी. तिच्यावर एक क्रमांक लिहिलेला असतो. परंतु गावात राहणाऱ्यास ही सोय फार दिवस लाभत नाही. कोणीतरी संध्याकाळी रिपोर्टाची पिशवी घेऊन ओटीवर येऊन बसतो आणि क्रमांकाला चेहरा येतो.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकू अशाच आल्या. काकांच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ मुंबईत शस्त्रक्रिया करून काढली होती. रिपोर्ट दोन पानांचा होता. मी तो वाचला. गाठ आतड्याची भिंत भेदून बाहेर आली होती. परंतु तपासलेल्या सोळा लसिकाग्रंथींपैकी एकीतही रोग पोहोचला नव्हता. मी हे समजावून सांगू लागलो, तोच काकूंनी मला थांबविले. त्या म्हणाल्या, "भाऊ, ते इंग्रजी राहू द्या, आणि मराठीत सांगितलंत तरी मला तेवढंच कळणार. हे दुखणं परत येणार का, एवढंच सांगा."

विकृतिशास्त्रज्ञास विचारला जाणारा खरा प्रश्न एवढाच आहे, आणि आजच्या माझ्या भाषणाचा विषयही तोच. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या कामी अलीकडे एक नवे साधन आले आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता असे म्हणतात. हे साधन काय करते, किती करते, आणि त्याच्याकडून आपल्या माणसांचे हित व्हावयाचे तर आपण काय केले पाहिजे, हे सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम काचपट्टी तयार कशी होते ते पाहू. शस्त्रक्रियेने काढलेला आतड्याचा भाग फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. त्यातील निवडक तुकडे मेणात बसवून त्यांच्या वड्या करतात. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्या वडीचा सुमारे चार मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या विसाव्या हिश्शाइतका पातळ काप काढून काचेवर पसरतात. हा काप जवळजवळ रंगहीन असतो. म्हणून त्यास दोन रंग देतात. एक हीमॅटॉक्सिलिन, हा मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून निघतो व पेशींची केंद्रे निळी-जांभळी करतो. दुसरा इओसिन, तो बाकीचा भाग गुलाबी करतो. शंभराहून अधिक वर्षे जगातील बहुतेक सर्व निदाने या दोन रंगांवर झालेली आहेत.

निरोगी आतड्याच्या कापात ग्रंथी ओळीने, शिस्तीने बसलेल्या दिसतात. कर्करोगात ती शिस्त मोडते. ग्रंथी वेड्यावाकड्या होतात, एकमेकींत घुसतात, भिंत फोडून चरबीत उतरतात. परंतु शिस्त मोडली आहे एवढे सांगणे म्हणजे निदान होय; ते काकूंच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. पुढे काय होईल हे सांगणे निराळे.

ते सांगण्याचा पहिला भरवशाचा मार्ग १९३२ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी घालून दिला. त्यांनी गुदाशयाच्या कर्करोगाच्या तीन पायऱ्या कल्पिल्या. रोग भिंतीच्या आतच असेल तर पहिली. भिंत ओलांडून बाहेर आला असून लसिकाग्रंथी मोकळ्या असतील तर दुसरी. आणि ग्रंथींत शिरला असेल तर तिसरी. पायरी जितकी वरची, तितके रोग्याचे भवितव्य बिकट. ही कल्पना इतकी साधी आहे की तिच्यात शोध तो काय, असे कोणासही वाटावे. परंतु ड्यूक्स यांचे मोठेपण पायऱ्या आखण्यात नाही. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचे पुढे काय झाले, याचा वर्षानुवर्षे माग ठेवून त्या पायऱ्या खऱ्या आहेत हे ताडून पाहण्यात आहे. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. शेवटी मी तिच्याकडेच परत येणार आहे.

आजच्या रिपोर्टातील वर्गीकरण पुष्कळ बारीक झाले असले तरी त्याचा पाया तोच आहे. आणि त्याची उणीवही तीच. दुसऱ्या पायरीवरील शंभर रोगी घेतले, तर त्यांतील बहुतेक केवळ शस्त्रक्रियेने बरे होतात. काहींत मात्र रोग यकृतात वा फुप्फुसात पुन्हा डोके काढतो. पायरी सर्वांची एकच, नशीब निरनिराळे. त्यांतले कोण कोणत्या वाटेने जाणार, हे पायरी सांगू शकत नाही.

हा पंडितांचा वाद नाही. या अनिश्चिततेवर रोग्यास केमोथेरपी द्यावी की न द्यावी हे ठरते. ती द्यावी तर महिनोगणती खेपा, खर्च आणि अशक्तपणा. त्यातील एका औषधाने हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात व कित्येकांत तो बधिरपणा पुढे पुष्कळ काळ टिकतो. आमचे काका पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडणारे. त्यांची फुले दादरच्या बाजारात जात. ज्याची बोटे हेच ज्याचे पोट, त्यास विनाकारण बधिरपणा देणे हा अन्याय. आणि ज्यास औषधाची खरी गरज, त्यास ते न देणे हा त्याहून मोठा अन्याय. या दोहोंमधली रेघ आम्हांस नीट दिसत नव्हती.

येथे यंत्र पुढे येते. काचपट्टीचे अतिशय सूक्ष्म छायाचित्र घेतात. एका पट्टीच्या चित्रात अब्जावधी ठिपके असू शकतात. त्या चित्राचे हजारो चौकोनी तुकडे करतात व ते यंत्रापुढे ठेवतात. प्रत्येक तुकड्यासोबत एक उत्तरही असते: हा रोगी पुढे बरा राहिला, हा दगावला. ग्रंथी म्हणजे काय, केंद्र म्हणजे काय, हे यंत्रास कोणी शिकवीत नाही. ते आपला अंदाज करते, तो उत्तराशी ताडून पाहते, चुकला तर आपल्या गणितातील आकडे किंचित बदलते, आणि पुन्हा अंदाज करते. असे लाखो वेळा झाल्यावर त्यास एक नजर येते.

ही नजर आमच्या गावाला अपरिचित नाही. केळीच्या वाड्या आता पुष्कळ कमी झाल्या. पण ज्यांनी त्या केल्या ती म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांच्यापैकी एकजण घड पाहून सांगत असे, की हा आढीत सारखा पिकेल आणि हा काळा पडेल. कशावरून, असे विचारले तर त्यास सांगता येत नसे. "दिसतं," एवढेच तो म्हणे. परंतु त्याला ते का दिसे? कारण त्याने स्वतः घड कापला, स्वतः आढी घातली आणि स्वतः ती उघडून पाहिली. असे चाळीस वर्षे केले. कापलेला प्रत्येक घड त्याने हिरवा असतानाच बाजारात रवाना केला असता आणि तो पुढे कसा पिकला हे त्यास कधी कळले नसते, तर चाळीस वर्षांनंतरही त्याची नजर आंधळीच राहिली असती.

यंत्राचे अगदी असेच आहे. चित्र म्हणजे घड. रोग्याचे पुढे काय झाले, ती बातमी म्हणजे उघडलेली आढी. एकावाचून दुसऱ्यास किंमत नाही.

आता या रीतीने मिळालेली फळे पाहू. २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नॉर्वेतील ऑस्लो येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले काम प्रसिद्ध केले. ज्यांचा शेवट स्पष्टपणे चांगला वा स्पष्टपणे वाईट झाला, अशा ८२८ रोग्यांच्या पट्ट्यांतून १ कोटी २० लाखांहून अधिक तुकडे त्यांनी यंत्रास दाखविले. नंतर पूर्वी न पाहिलेल्या १,१२२ रोग्यांवर त्याची परीक्षा घेतली. यंत्राने ज्यांना वाईट गटात टाकले, त्यांना या रोगाने मृत्यू येण्याचा धोका चांगल्या गटातील रोग्यांच्या सुमारे ३.८ पट निघाला. रंगविलेल्या साध्या पट्टीत, जिच्याकडे आम्ही शतकभर पाहत आलो, एवढे लिहिलेले होते आणि ते आम्हांस वाचता येत नव्हते, ही कबुली दिली पाहिजे.

त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९ साली, जर्मनीतील याकोब काथर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी गोष्ट दाखविली. आतड्याच्या काही कर्करोगांत पेशीची आनुवंशिक लिपी दुरुस्त करणारी व्यवस्थाच बिघडलेली असते. अशा रोग्यांवरील उपचार निराळे ठरतात, आणि कधी कधी त्यांच्या भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी लागते. हा बिघाड शोधण्यास स्वतंत्र चाचणी लागते. यंत्र साध्या पट्टीवरूनच त्याचा पुष्कळसा अचूक अंदाज करते, असे त्यांना आढळले. जेथे ती चाचणी प्रत्येकास परवडत नाही, तेथे ती कोणाची अगत्याने करावी हे निवडण्यास याचा उपयोग होऊ शकेल.

तिसरे उदाहरण मला विशेष आवडते. ऑस्ट्रियातील ग्राट्झ येथील रोग्यांच्या पट्ट्यांवर शिकविलेल्या यंत्राचे काम २०२१ साली प्रसिद्ध झाले. यंत्र नेमके काय पाहते, हे संशोधकांनी शोधून काढले, तेव्हा चरबीला लगटून बसलेल्या कर्कपेशींच्या पुंजक्यांना ते फार महत्त्व देते असे दिसले. पुढे विकृतिशास्त्रज्ञांनाही ही खूण ओळखण्यास शिकता आले. म्हणजे शिष्याने गुरूस धडा दिला. यंत्र आमची जागा घेणार काय, असे मला नेहमी विचारण्यात येते. जोवर ते आम्हांस असे काही शिकवील आणि आम्ही शिकण्यास तयार असू, तोवर या प्रश्नाने माझी झोप उडणार नाही.

तथापि या स्तुतीस मर्यादा आहेत, आणि त्या झाकून ठेवणे बरे नव्हे.

पहिली मर्यादा रंगाची. प्रत्येक प्रयोगशाळेत निळा व गुलाबी रंग थोडा निराळा उतरतो. माणसाचा डोळा हा फरक सहज पोटात घालतो. यंत्र घालीलच असे नाही. अमेरिकेतील एका मोठ्या चित्रसंग्रहाच्या अभ्यासात असे दिसून आले, की पट्टी कोणत्या रुग्णालयातून आली हे यंत्र तिच्या रूपावरून ओळखू शकते. एका रुग्णालयात अत्यवस्थ रोगी अधिक येत असतील, तर यंत्र रोग ओळखण्याऐवजी रुग्णालय ओळखून उत्तर देईल, आणि ते बरोबर आल्यासारखे वाटेल.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. हा रोग युरोपात मुख्यतः उतारवयाचा. ज्यांच्यावर ही यंत्रे शिकली ते रोगी बहुतांशी साठीच्या पुढचे. आपल्याकडे या रोगाचे एकंदर प्रमाण त्या देशांपेक्षा कमी आहे. परंतु परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आलेल्या रोग्यांच्या पाहणीत असे आढळले, की त्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत होते, पुष्कळजण रोग बळावल्यावर आले होते, आणि ज्यात पेशी अंगठीच्या आकाराच्या दिसतात असा एक आक्रमक प्रकार त्यांच्यात पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक होता. तेव्हा ऑस्लो वा ग्राट्झ येथील यंत्राने उमेळ्याच्या रोग्याचे भविष्य वर्तविणे, म्हणजे परक्या मातीतल्या घडांवर नजर कमावलेल्या माणसाने आमच्या वाडीतला घड पारखण्यासारखे आहे. तो बरोबरही सांगेल. परंतु आमच्या आढीत ताडून पाहिल्यावाचून त्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

मग आपली स्वतःची शिदोरी काय? ती अगदीच रिकामी नाही. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतीय विकृतिशास्त्राचे ते अध्वर्यू. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेला कर्करोग आणि आपल्या लोकांत दिसणारा कर्करोग एकच असेल असे त्यांनी गृहीत धरले नाही. तंबाखू खाणाऱ्याच्या गालातील आणि धोतराच्या घट्ट गाठीखालील कातडीच्या कर्करोगाचा विचार त्यांनी आपल्या माणसांच्या सवयी पाहून केला. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोग्यांची नोंदवही सुरू केली. एखाद्या शहराच्या सर्व वस्तीतील रोग्यांची अशी नोंद देशात प्रथमच होत होती. आजच्या काळात, पट्टीतील पेशींची केंद्रे यंत्रास ओळखता यावीत म्हणून डॉ. अमित सेठी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात अवयवांच्या चित्रांतील २१,००० हून अधिक केंद्रे हाताने रेखून तो संग्रह २०१७ साली सर्व जगास खुला केला. त्यात मोठे आतडेही आहे. हे गृहस्थ आता मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापन करतात. टाटा मेमोरियलनेही त्या संस्थेच्या व इतर रुग्णालयांच्या साहाय्याने रोग्यांच्या चित्रांची पेढी उभारण्याचे काम हाती घेतले. तिच्यात चित्रासोबत उपचाराची व परिणामाची हकिकतही जोडावयाची, असा संकल्प आहे. तिचा आरंभ डोके-मान व फुप्फुस यांच्या कर्करोगापासून झाला असला, तरी हीच रीत आतड्याच्या रोगासही लागू आहे.

म्हणजे बुद्धिवान माणसे आहेत, यंत्रे आहेत, मेणाच्या वड्याही कपाटांत जपून ठेवलेल्या आहेत. उणीव कशाची आहे? उघडलेल्या आढीची. रोग्याचे पुढे काय झाले, या बातमीची.

ही उणीव कशी पडते ते मी माझ्या दारातच पाहिले. काकांची पहिल्या वर्षाची फेरतपासणी नियमित झाली. दुसऱ्या वर्षी भूक चांगली लागू लागली, वजन वाढले, आणि जाणे थांबले. मी विचारले तेव्हा काका म्हणाले, "बरं वाटतंय तर कशाला जायचं? पहाटेची लोकल, तिथली रांग, अख्खा दिवस मोडतो." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जो बरा आहे त्यास रुग्णालय नकोसे वाटते. आणि जो दगावतो, त्याच्या घरच्यांना तेथे कळविण्याचे सुचत नाही. गावातल्याच दुसऱ्या एका घरी असे झाले. वडील गेले, मुलाने सर्व विधी यथासांग केले, परंतु रुग्णालयात कळवावे हे त्याच्या मनातही आले नाही. त्याला दोष कोण देईल? पण तेथील कागदावर शेवटची ओळ राहिली ती एवढीच, की रोगी पुन्हा आला नाही. बरा झालेला आणि गेलेला, दोघांचीही नोंद एकाच ओळीने संपली. अशा ओळीवरून यंत्र काय शिकणार, आणि माणूस तरी काय शिकणार?

म्हणून श्रोत्यांस माझी विनंती साधी आहे. या रोगाची शस्त्रक्रिया झालेला कोणी घरात असेल, तर फेरतपासणी पाच वर्षे चुकवू नये. प्रथम दर काही महिन्यांनी रक्ताची तपासणी, ठरल्या वेळी छायाचित्रे, आणि साधारण वर्षाने दुर्बिणीने आतड्याची पाहणी. हा क्रम डॉक्टर आखून देतील. त्यात पहिला लाभ रोग्याचा स्वतःचा आहे, कारण परत आलेला रोग लवकर सापडला तर पुष्कळदा त्यावर इलाज होतो. रिपोर्ट हरवू नये. त्यात किती लसिकाग्रंथी तपासल्या ते पाहावे, सामान्यतः त्या बाराहून कमी नसाव्यात. मेणाची वडी रुग्णालयात असते, हे ठाऊक असावे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे तर ती उपयोगी पडते. आणि दुर्दैवाने माणूस गेलाच, तर एक पत्र वा एक फोन करून तसे कळवावे. ते काम औपचारिक नाही. ते पुढच्या रोग्यास दिलेले दान आहे.

आणखी एक गोष्ट. शौचावाटे रक्त जाणे म्हणजे मूळव्याधच, असे ठरवून महिनेच्या महिने घरगुती उपाय करीत बसू नये. शौचाची सवय बदलली, रक्त गेले, अकारण अशक्तपणा आला, तर वय तरुण असले तरी तपासून घ्यावे. उत्तम यंत्राच्या भाकितापेक्षा पहिल्या पायरीवर सापडलेला रोग केव्हाही चांगला.

भविष्य हा शब्द आपल्याकडे पत्रिकेशी जोडलेला आहे. म्हणून शेवटी एक खुलासा करतो. ज्योतिषी एका माणसाचे भविष्य सांगतो. यंत्र तसे सांगत नाही. तुमच्यासारखी पट्टी असलेल्या शंभर जणांचे पूर्वी काय झाले, एवढेच ते सांगते. त्या शंभरांत तुम्ही कोण, हे त्यास ठाऊक नाही. त्याने सांगितलेला आकडा डॉक्टरच्या हातातील कंदील आहे. रोग्याच्या कपाळावरील रेघ नव्हे.

त्या संध्याकाळी मी काकूंना म्हणालो होतो, "काकू, अशा शंभर माणसांतली बहुतेक बरी राहतात. काका त्यांच्यातले की नाहीत, ते मला दिसत नाही. पण तपासणी चुकवली नाहीत, तर काही झालं तरी ते आपल्याला आधी कळेल." पुढे काका जाण्याचे टाळू लागले तेव्हा मी त्यांना केळीच्या आढीची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी बरा आहे हे त्यांना सांगायलासुद्धा गेलं पाहिजे म्हणता?"

मी म्हटले, "तेच तर सांगायला जायचं."

काकांचे आता चौथे वर्ष चालू आहे. तपासणीच्या दिवशी मोगऱ्याच्या कळ्या काकू खुडतात, आणि काका पहाटेची लोकल पकडतात.